पंधरावं नाव

शालूताई, त्या बसच्या मागच्या खिडकीतून उडी मारून पळालेला माणूस मी होतो.

अठरा वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कचेरीत नाही, तुम्हाला तर नाहीच. आणि आज लिहायला बसलो तरी बघा, हात आधी खिडकीचं लिहून मोकळा झाला. दाराचं लिहायला तयार नाही. दाराचंही लिहायचं आहे. थोडा वेळ द्या. तुम्ही मला वेळ देत आलात, म्हणून ही सवय लागली.

तुम्ही गेल्यावर परवा तुमचं पुण्यानुमोदन झालं. वारज्यात तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. हिंजवडीच्या होस्टेलमधल्या तुमच्या जुन्या पोरी आल्या होत्या. पोरी कसल्या, दोघींच्या कडेवर मुलं होती. एकीनं सांगितलं की नोकरी गेली तेव्हा तीन महिने मेसचे पैसे तुम्ही मागितले नाहीत, उलट ताटात भाकरी मोजू नको म्हणालात. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. मग प्रज्ञा माझ्याकडे वळली. म्हणाली, "काका, चार शब्द बोला ना. आईला तुमच्याइतकं इथं कुणी ओळखत नव्हतं."

मी उठलो. "कष्टाळू बाई होत्या, कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही," एवढं बोलून बसलो. बदलीच्या निरोपसमारंभात बोलतात तसं. शिवाय ते खरंही नव्हतं. तुम्ही व्यवस्थित वाईट चिंतायच्यात. आमच्या कचेरीतल्या देवधर भाऊसाहेबांचं तर नाव घेऊन चिंतायच्यात.

पण ते नाही मला सांगायचं. सांगायचं ते आदल्या दिवशीचं. प्रज्ञाचा फोन आला. फलकासाठी दोघांचे फोटो शेजारी लावायचे होते. तुमच्या फोटोखाली 'कालकथित शालू दिनकर गजभिये' आणि तारीख. "आणि बाबांच्या खाली काय टाकू, काका? तारीख कुठली टाकू? कोर्टाच्या हुकुमाची टाकायची का? की नकोच?"

मला तारीख माहीत होती. वेळही माहीत होती, दुपारचे तीन वाजून गेले होते. मी म्हणालो, "नकोच टाकूस."

फलकावर दिनकररावांच्या फोटोखाली जागा मोकळी होती. तासभर मी त्या जागेसमोर बसलो होतो.

*

तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात ते दंगलीनंतर महिन्याभरानं. मृतांच्या वारसांना सरकारी मदत द्यायची, तर मृत किती आणि कोण, हे आधी ठरायला हवं. त्यासाठी आमच्या कचेरीत एक कक्ष उघडला होता. दोन टेबलं, एक कपाट, एक संगणक. त्या संगणकावर मराठी टाईप करता येणारा कचेरीत मी एकटा, म्हणून सव्विसाव्या वर्षी माझी तिथं नेमणूक झाली. वर देवधर भाऊसाहेब, अव्वल कारकून. नियम त्यांनी भिंतीवर चिकटवूनच ठेवला होता. नाव यादीत येण्यासाठी प्रेत पाहिजे आणि पंचनामा. प्रेत नसेल तर मरताना डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाचा शपथेवर जबाब. दोन्ही नसेल तर माणूस बेपत्ता. बेपत्ता म्हणजे मयत नव्हे.

यादीत चौदा नावं झाली होती. तुम्ही पंधरावं घेऊन आलात. कडेवर प्रज्ञा, हातात पिशवी, पिशवीत दिनकररावांचं ड्रायव्हिंग लायसन्सची झेरॉक्स. "माहा नवरा बस चालवत होता जी, हिंजवडीच्या कंपनीची. त्या दिवशी कालव्याच्या पुलापाशी त्याची बस जाळली. तवापासून घरी नाही आला."

भाऊसाहेबांनी कागद चाळले. बसच्या कंत्राटदारानं पोलिसांत लिहून दिलं होतं की चालक वाहन सोडून पळून गेला, त्यामुळे वाहनाचं नुकसान झालं. "बाई, इथं तर पळून गेला असं आहे."

"पळून जायाले त्याच्या पायात चप्पल तं पायजे. चप्पल पुलावर भेटली."

"चप्पल म्हणजे प्रेत नव्हे. आणि ही यादी म्हणजे पंगत नव्हे बाई, एक पान आणखी मांडा म्हणायला."

तुम्ही प्रज्ञाला दुसऱ्या कडेवर घेतलंत. मग म्हणालात, "पंगतीत तं उपाशी माणसाले उठवत नाही जी कोणी."

भाऊसाहेबांना उलट उत्तर मिळालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि कागद माझ्या टेबलावर सरकवले. "आवक करून घ्या."

मी आवक करून घेतले. लायसन्सवरचा फोटो बघितला. ताई, मी त्या माणसाला ओळखलं. त्या क्षणी तुम्ही माझ्यापासून दीड हातावर उभ्या होतात. प्रज्ञानं माझं पंचिंग मशीन उचललं होतं आणि तुम्ही तिला "ठेव, सायेबाचं आहे" म्हणत होतात. मी "राहू दे" म्हणालो. इतकंच म्हणालो.

संध्याकाळी यादी टाईप करताना चौदाव्या नावानंतर एन्टर दाबलं, तर पुढच्या ओळीत पंधरा हा आकडा आपोआप आला. समोर रिकामी जागा. मी ती ओळ पुसली आणि छापायला दिली.

*

त्या दिवशी मी तिथं कसा, हे आता सांगतो. यात शौर्याचं काही नाही, पापाचंही फार मोठं नाही. क्षुल्लक आहे, आणि तेच अवघड जातं.

हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या. माझ्याबरोबरचे दोघे सरकारी नोकरी सोडून तिकडे गेले होते आणि चौपट पगाराच्या गोष्टी सांगत होते. मीही संध्याकाळचा कोर्स केला, अर्ज केला, मुलाखतीचं बोलावणं आलं. रजा मागावी तर कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं तर भाऊसाहेब वर्षभर टोमणे मारणार. म्हणून हजेरीपत्रकावर सही केली आणि हालचाल नोंदवहीत लिहिलं, 'चौकशीकामी वारजे'. कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं त्या वहीत जागा आणि कारण लिहायचं असतं. सगळेच खोटं लिहायचे. कुणी 'पाहणी' लिहून मुलाला शाळेतून आणायचं, कुणी भिशीला जायचं. मी हिंजवडीला गेलो.

मुलाखत पंधरा मिनिटांत संपली. टायपिंग चांगलं, इंग्रजी कच्चं. बाहेर आलो तर तळपतं ऊन आणि पीएमटीच्या बसचा पत्ता नाही. दुसऱ्या पाळीची माणसं सोडून एक कंपनीची बस रिकामी परत चालली होती. अशा बसगाड्या तेव्हा वाटेवरच्या माणसाला पाच-दहा रुपयांत स्वारगेटपर्यंत न्यायच्या. कंत्राटदाराला पत्ता नसायचा. मी हात केला. दिनकररावांनी बस थांबवली.

मी पुढे, त्यांच्या शेजारी इंजिनच्या झाकणावर बसलो. माझ्या मांडीवर तपकिरी फाईल होती, नाडीची, कचेरीतूनच उचललेली, आत सर्टिफिकिटं. त्यांनी फाईलकडे बघितलं. "इंटरव्ह्यूले आले होते काय जी?"

"हो."

"लागली का?"

"नाही वाटत."

मी दहाची नोट काढली, तर त्यांनी ती परत केली. "लागल्यावर द्या." मग वारज्यापर्यंत ते प्रज्ञाबद्दल बोलत राहिले. म्हणजे नाव सांगितलं नव्हतं, 'माही पोट्टी' म्हणायचे. पोट्टीला इंग्रजी शाळेत घालणार. म्हणजे तिला त्या काचेच्या इमारतीत कुणी कच्ची म्हणणार नाही. हे त्यांचं बोलणं तुम्हाला कधीतरी सांगायला हवं होतं. प्रज्ञा त्याच काचेच्या इमारतीत लागली त्या दिवशी तरी. तुम्ही पेढे घेऊन कचेरीत आला होतात, आणि म्हणाला होतात, "तिच्या बापाच्या मनात काय होतं कोणाले माईत." मला माहीत होतं. मी पेढा खाल्ला.

शहरात सकाळपासून कुरबुर होती, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कालव्याच्या पुलाजवळ आलो तर रस्त्यावर हातगाडी आडवी टाकलेली. लांबून आरडाओरडा येत होता, पण माणसं दिसत नव्हती. पुढचं, ताई, मी शेवटी लिहितो. हातगाडीपर्यंत आलो आहे, तिथून नक्की पुढे जाईन.

*

तुम्ही साहेब म्हणायच्यात ते 'भाऊ' कधी म्हणू लागलात, आठवत नाही. बहुतेक त्या जाहिरातीच्या वेळी.

पुलाजवळच्या टपरीवाल्यानं तुम्हाला सांगितलं होतं की बस पेटण्याआधी मागच्या खिडकीतून एक माणूस उडी मारून पळाला, हातात तपकिरी फाईल होती. टपरीवाल्यानं बाकी काही पाहिलं नव्हतं. तेव्हा तो फळकुटाखाली लपला होता. पण तुम्हाला तेवढं पुरलं. म्हणजे पाहणारा माणूस आहे. तो सापडला की जबाब, जबाब झाला की नाव. तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. डोळे असे चमकत होते की मला वाटलं, कळलं.

"भाऊ, पेपरात द्यायचं म्हणतो. त्या माणसाले शोधाले. तुमी लिवून द्या, तुमचं शुद्ध असते." तुम्ही बाईमाणूस असून 'म्हणतो', 'येतो' म्हणायच्यात, तुमच्याकडच्या सगळ्याच बायका म्हणतात तसं. आवकजावकच्या पोरी हसायच्या. त्या दिवशी त्यांना मी पहिल्यांदा डोळे वटारून गप्प केलं. चांगुलपणा दाखवायची संधी मी कधी सोडली नाही.

मी लिहिलं: 'कालव्याच्या पुलाजवळ जळालेल्या बसमध्ये असलेल्या गृहस्थांनी खालील पत्त्यावर संपर्क साधावा.'

"गृहस्थ नको," तुम्ही म्हणालात. "लय मोठा वाटते तो शब्द. घाबरन तो. भाऊ लिवा. 'त्या भावानं भेटावं' असं. आन् असं बी लिवा का त्याले कोणी दोष देणार नाही."

"हे कशाला लिहायचं?"

"पळाला म्हणजे भेला असन ना जी. भेलेल्या माणसाले आधी सांगा लागते."

मी तसं लिहून दिलं. माझ्याच अक्षरात. 'पेइंग गेस्ट पाहिजे' आणि 'तीन महिन्यांत संगणक शिका' यांच्या मधे ते चार ओळींत छापून आलं. पंधरा दिवसांनी तुम्ही सांगायला आलात की कुणी आलं नाही. "पेपर सगळेच थोडी वाचतात," तुम्हीच माझी समजूत काढलीत. ते कात्रण माझ्याकडे आहे. वाचण्यासाठी कधी उघडलं नाही. पाठ आहे.

मग तुम्ही ठरवलंत की प्रेतच शोधायचं. दंगलीच्या दिवसांत कालव्याला शेतीचं उन्हाळी आवर्तन चालू होतं, पाणी काठोकाठ होतं, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही होस्टेलचा स्वयंपाक उरकून एकट्या कालव्याच्या काठानं चालत जाणार होतात. एका रविवारी मी स्कूटरवर तुम्हाला घेऊन गेलो. का गेलो? बरोबर असलो की निदान वाटेत काही सांगता येईल, असं वाटलं असावं. हडपसरच्या पुढे, जिथं शहर संपून ऊस सुरू व्हायचा, एका गेटाशी चौकीदार भेटला.

"मढी व्हय? येत्यात की, बाई. गेटाला अडकलं तर आमी वर्दी देतो. न्हाई अडकलं तर फुडं जातं."

"फुडं कुठं?"

"फुडं पाणी संपंल तितं."

तुम्ही त्याला विचारत राहिलात, चेक्सचा शर्ट होता, डाव्या मनगटावर गोंदण होतं. तो बिचारा आठवल्यासारखं करत होता. मी मागे उभा राहून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, चेक्सचा नाही, ताई. आकाशी, साधा. तुम्ही सकाळी त्यांना घालायला काढून ठेवला होता तो चेक्सचा, पण त्यांनी बदलला असणार. तुम्ही सगळीकडे चुकीच्या शर्टाचा माणूस शोधत होतात आणि मला बरोबर शर्ट माहीत होता. ऊस हलत होता. मी म्हणालो, "चला, ऊन वाढलंय."

*

आपलं खरं भांडण एकदाच झालं. दंगलीला सात वर्षं झाली तेव्हा तुम्ही कोर्टातून हुकूम आणलात की दिनकर गजभिये मयत समजावेत. मृत्यूचा दाखला मिळाला. तोपर्यंत कक्ष बंद झाला होता, टेबलं हलली होती, भाऊसाहेब निवृत्त झाले होते. मला फार हायसं वाटलं होतं. अगदी स्वार्थी हायसं. म्हटलं, सुटलो.

"आता झालं ना, ताई?"

"काय झालं?"

"दाखला मिळाला. आता कायद्यानं ते मयत आहेत."

"मेला हे तं मले पयल्या दिवशीच माईत होतं. कोर्टानं काय नवं सांगितलं? कशानं मेला ते कुठं लिवलं ह्याच्यात?"

"त्यानं आता काय फरक पडतो? मदतीचे पैसे..."

तुम्ही दाखला घडी करून पिशवीत टाकलात. "पैशे पोरीच्या शाळेले पायजे होते तवा पायजे होते. तवा नाही भेटले, तं मी भाकरी थापून शिकवली तिले. गावात काय म्हणतात ठाऊक आहे? दिनकरनं पुण्यात दुसरं बिऱ्हाड केलं म्हणतात. माही सासू तसंच म्हणत मेली. पोरीले शाळेत विचारलं, तुहा बाप पळून गेला ना? सरकारच्या कागदात तं आजबी तेच आहे, पळून गेला. तो पळाला नाही, भाऊ. मले तेवढं लिवून पायजे."

आणि मी, ताई, मी आवाज चढवला. "अहो पण साक्षीदार नाही! सात वर्षांत आला का कुणी? नसेलच तसा कुणी माणूस! टपरीवाल्यानं ठोकून दिलं असेल. किती दिवस कागद धरून बसणार आहात?"

सगळी कचेरी आपल्याकडे बघायला लागली. तुम्ही हळू म्हणालात, "नसन काऊन? टपरीवाल्याले खोटं सांगून काय भेटलं?" आणि निघून गेलात.

तीन महिने आला नाहीत. त्या तीन महिन्यांत मी एकदा जुन्या नोंदींच्या खोलीत गेलो, ती हालचाल नोंदवही शोधायला. वाटलं, माझी ती खोटी नोंद बघावी, किती भयंकर आहे ते एकदा ठरवावं. तिथला शिपाई हसला. "साहेब, ती वही कोण ठेवतंय? वर्षाच्या वर्षाला रद्दीत जाते."

म्हणजे ज्या ओळीच्या भीतीनं मी सात वर्षं गप्प होतो, ती ओळ सहा वर्षांपूर्वीच लगदा होऊन गेली होती. खोटी नोंद, खातेनिहाय चौकशी, वेतनवाढ रोखणं, सगळं मनातल्या मनात मी कितीदा भोगलं होतं. आता काहीच उरलं नव्हतं. बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि कळलं की तरीही मी सांगणार नाही. कारण वही हे कारण कधी नव्हतंच.

चौथ्या महिन्यात तुम्ही आलात ते डबा घेऊन. पातोडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी. "रागानं पोट भरत नाही," म्हणालात. भांडण तसंच राहिलं. त्यानंतर दर दोन-चार महिन्यांनी मी वारज्याला येत राहिलो, जेवत राहिलो. नवीन फ्लॅट झाला तेव्हा पहिल्या पंगतीला बसलो. बायको म्हणायची, सख्ख्या बहिणीकडे जात नाही इतका तिकडे जातोस.

त्या फ्लॅटच्या पहिल्या जेवणाच्या दिवशीच तुम्ही म्हणाला होतात, वाढता वाढता, माझ्याकडे न बघता: "तो बसमधला माणूस भेटला ना, तं मी त्याले पयले पोटभर जेवाले घालीन. मंग विचारीन."

"काय विचाराल?"

"तेवढंच. शेवटी काही बोलला का."

प्रज्ञा म्हणाली, "आई, पुरे ना आता." मी भाकरीचा तुकडा तोंडात फिरवत राहिलो.

आणि गेल्या महिन्यात दवाखान्यात. डायलिसिसची सुई काढली होती, हात सुजला होता. प्रज्ञा औषधं आणायला खाली गेली. तुम्ही डोळे मिटूनच बोललात. "भाऊ, आता माह्यानं सयपाक होत नाही. तो माणूस भेटला तं तुमीच विचारजा."

मी "हो" म्हणालो.

तेव्हापासून मला झोप नाही. रस्त्यात चालता चालता थांबतो. सिग्नल सुटला तरी गाडी तशीच. तुम्हाला माहीत होतं का, ताई? कधीपासून? पंचिंग मशीनच्या दिवसापासून, जाहिरातीपासून, त्या गेटापासून? जेवायला तर तुम्ही मला अकरा वर्षं घालत होतात. मग विचारलं का नाहीत? की मी सांगेन म्हणून वाट बघत होतात, भेलेल्या माणसाला आधी सांगा लागते म्हणून? का तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं आणि हे सगळं माझ्याच मनाचं आहे? दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, कायले ठरवता, सांगून टाका.

*

बरं. हातगाडी.

दिनकररावांनी बस थांबवली. इंजिन चालू ठेवलं. त्यांच्या बाजूचं दार नादुरुस्त होतं, दोरीनं बांधलेलं, म्हणून ते माझ्या बाजूच्या दारानं उतरले. उतरताना म्हणाले, "भाऊ, तुमी बसा. गाडी सरकवून आलोच. दार लोटून घ्या, कडी नका लावू."

हे त्यांचे शेवटचे शब्द. तुम्हाला तेच विचारायचं होतं ना? हे होते.

ते हातगाडीला हात लावतात न लावतात, तोच कालव्याच्या बाजूनं माणसं आली. पन्नास असतील, जास्त असतील. कुठल्या बाजूची, हे मला तेव्हा कळलं नाही आणि जबाबातही मी अंदाज करणार नाही. पहिला दगड समोरच्या काचेवर आला. मी दार लोटलं. आणि कडी लावली.

दिनकरराव पळत परत आले. त्यांनी दार ओढलं. मग हातानं वाजवलं, तीनदा. ओरडले नाहीत, नुसतं वाजवलं, आपल्याच घराचं वाजवतात तसं. काचेतून मला त्यांचं तोंड दिसत होतं आणि त्यांना माझं. माझा हात कडीवर होता. घाबरून दुसरीकडे धरला होता, असं मी स्वतःला फार वर्षं सांगितलं. नव्हता. कडीवरच होता. ती काढायला एक पळ लागला असता, आणि तो पळ होता. भरपूर होता.

त्यांच्या पाठीत गज बसला. ते खाली बसले. दोघा-तिघांनी त्यांना उचलून पुलाच्या कठड्यावरून कालव्यात टाकलं. आकाशी शर्ट एकदा वर आला, मग पाणी. मी मागच्या खिडकीकडे पळालो. फाईल का सोडली नाही, कळत नाही. एखादा माणूस मरताना मी माझी सर्टिफिकिटं सांभाळली.

एवढंच झालं. लिहायला अर्धं पान लागलं.

काल मी कचेरीत, आता ज्या मुलाकडे ते जुनं कपाट आहे, त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती फाईल कायम जतनाची आहे, रद्दीत जात नाही. "नवा जबाब आला तर प्रस्ताव वर पाठवता येतो, सर. यादीत दुरुस्ती होऊ शकते. कुणाची केस?" मी म्हणालो, "माझ्या ओळखीची."

हे पान पेपरात छापायला देण्याआधी मी आज संध्याकाळी वारज्याला जाऊन प्रज्ञाच्या हातात ठेवणार आहे. ती मला काका म्हणते. वाचून झाल्यावर काय म्हणेल, मला माहीत नाही. जाहिरातीत दोष देणार नाही असं लिहिलं होतं ते तुम्ही, तिनं नाही. फोटोखाली घालायची तारीख मी तिला सांगेन.

शालूताई, तुमचं माझ्याकडे जे राहिलं आहे ते असं: शपथेवर एक जबाब, माझ्या नावानं आणि सहीनं. त्यात लिहायचं की दिनकर गजभिये पळाले नाहीत, ते दंगलीत मारले गेले, मी पाहिलं. आणि त्यांनी दार वाजवलं तेव्हा कडी मी लावलेली होती.